चेहरा बाकी राहिला

मी खोलीत गेली का बाहेरून कडी लागे. रोज. मोबाईल गेटवरचा चौकीदार ठेवून घे. "घर में सामान रहता है, बुरा मत मानना," मालकीण म्हणे. बुरा काहून नाही मानायचं? मी काय चोरी करायले आली होती? तिच्याच भिंतीवर चित्र काढायले आली होती. पाणी पाहिजे त दार वाजवा. संडासले जायचं त दार वाजवा, अन् मोलकरीण मोकळी होईपर्यंत दम धरा.

रायपूरच्या त्या बंगल्याची बैठक, अन् सोफ्यामागची अख्खी भिंत. त्यायचा उरला नावाच्या कारखान्यायच्या वस्तीत लोखंडाचा कारखाना, म्हणून भिंतीवर कामगार पाहिजे होते. मी भंगार निवडणाऱ्या बाया काढल्या. मधातली माह्यी माय. तिची सारी जिंदगी उरल्यात भंगार निवडण्यातच गेली. डोक्याले गुंडाळलेला पदर, हातात फाटके मोजे, सारं जसंच्या तसं. चेहरा तेवढा ठेवला होता. चेहरा मी शेवटी काढते.

मायच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरून राहिला. रोज इचारे, "झालं का व माह्यं तोंड? दिसते तवरच दाखव, बाई."

मायले एकडाव आणून भिंत दाखवू का, मालकिणीले मी दोनदा इचारलं. "देखते हैं," म्हणाली.

एका दुपारी खिडकीतून पाहते, त गेटवर माय! विहारात जायची पांढरी साडी नेसून, ऑटो बदलत बदलत एकटीच आलेली. चौकीदार तिले हातानं हटकून राहिला होता. मी ओरडली. बंद काचेतून काय कप्पाळ ऐकू जाते! दार वाजवलं. ठोकलं. लाथा घातल्या. कोणी येईना. माय उन्हात उभी, अन् मी पेटीत कोंडल्यावानी. नुसता जीव तुटून राहिला होता.

लय वेळानं मालकिणीनं कडी काढली. "रंग खत्म हो गया क्या?"

"मेरी माँ आई है. पाँच मिनट देख लेने दो."

"ये घर है, कोई प्रदर्शनी नहीं. ऐसे तो कोई भी आने लगेगा."

कोणीही! येणाऱ्या पाहुण्यायले माह्यी माय दाखवणार होती ते बाई. फक्त मायले नाही. डोकंच फिरलं माह्यं. आज चेहरा काढला, त मायही इथंच कोंडली जाईन. मी ब्रश धुतले अन् थैलीत भरले.

"अरे, चेहरा तो बाकी है!"

"बाकी ही रहेगा, दीदी."

गेटवर मोबाईल घेतला. माय दूर नालीच्या काठावर बसली होती. "मी म्हटलं त्याले, आतमंदी माह्यं तोंड आहे. हासला व तो," ते म्हणाली.

"नाही आहे, माय. काढलंच नाही."

ते तोंड मी आता आमच्या पाऱ्यात, आपल्याच मोहल्ल्यात काढून राहिली. विहाराच्या भिंतीवर, रस्त्याच्या बाजूनं. माय समोर खुर्ची टाकून बसते. "लवकर कर, धुरकट दिसून राहिलं," म्हणते. मालकिणीचे फोन येतात, भिंत पुरी कर म्हणून. नाही करत. तिथं बाई बिनचेहऱ्याचीच राहीन. पाहुणे इचारतील काहून, त सांगू दे तिले. अन् जिथं माह्यी माय येऊन उभी राहू शकत नाही, त्या भिंतीले मी ब्रश लावणार नाही. उपाशी मेली तरी.