पाचवीत दुसरीचं पुस्तक

सातिवलीच्या शाळेत मी पाचवीला शिकवते. तिथे रुजू झाले त्या वर्षी प्रशिक्षणात एक नवी पद्धत आली. मुलांना जेवढं वाचता येतं, त्याप्रमाणे गट करायचे आणि रोजचा पहिला तास तिथूनच शिकवायचं. मला ती मनापासून पटली. वर्गातल्या कितीतरी मुलांना धडा वाचता येत नव्हता आणि मी धडे संपवत पुढे चालले होते.

महिन्याभरातच एक आई आली. जवळच्या कारखान्यात पॅकिंगला होती, जेवणाच्या सुट्टीत धावत आलेली. तिच्या मुलीला मी दुसरीचं पुस्तक दिलं होतं.

"बाई, माझ्या पोरीला खाली उतरवलंत? चाळीत हसतात तिला."

"उतरवलं नाही हो. एक तासच असतं ते."

"मग नापास आहे असं सरळ सांगा ना!"

प्रशिक्षणात गट कसे करायचे ते शिकवलं होतं, आईशी काय बोलायचं ते कुणी शिकवलं नव्हतं. मुख्याध्यापक म्हणाले, "तक्रार वर गेली तर? त्यात तुमचे धडेही मागे पडलेत. राहू द्या." बाकीच्या शिक्षकांनी केव्हाच सोडून दिलं होतं. त्यांना तरी काय बोलणार? तपासणीला येणारे साहेब धडे किती झाले एवढंच विचारायचे.

मी सोडलं नाही. शुक्रवारी कारखाना बंद असतो, म्हणून त्या दिवशी त्या आईला वर्गात बोलावलं आणि मुलीशेजारी बसवलं. मुलगी बोट ठेवून, अडखळत एक गोष्ट वाचत होती. आई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"घरी धडा घडाघडा म्हणायची," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, वाचतेय. पाठ होता तो." मग पदर सावरत उठली. "राहू दे तिला याच पुस्तकावर. चाळीतल्या बायकांना मी सांगते."

आणि खरंच, पुढच्या शुक्रवारी ती आणखी दोघींना घेऊन आली.

जूनमध्ये गटांची ती योजना गेली, दुसरी आली. पुन्हा प्रशिक्षण, पुन्हा मोबाइलवरून साहेबांना वर्गाचे फोटो पाठवणं. जुन्या गटांचं काय झालं, हे कुणी विचारलंही नाही. मी नवं प्रशिक्षण घेतलं, फोटोही पाठवले, पण पहिला तास गटांचाच ठेवला. अजूनही ठेवते.

ती मुलगी आता सातवीत आहे. जोडाक्षरांना अडखळते, पण धडा स्वतः वाचते. परवा चौथीच्या बाई विचारत होत्या, "आपल्या दोघींच्या वर्गातली मुलं पहिल्या तासाला एकत्र बसवायची का?"

सोमवारपासून बसवतोय.