हद्दीपलीकडच्या जैबूनबी

जैबूनबी कुठल्याही घरात शिरल्या की आजारी माणसाआधी चूल बघायच्या. चूल थंड दिसली की म्हणायच्या, "डॉक्टरसाब, उपाशी पोटी गोळी काय करील?" मग शेजारणीकडून भाकरी मागून आणायच्या आणि ती खाल्ल्यावरच औषध द्यायच्या.

गंगापूर तालुक्यातल्या आमच्या आरोग्य केंद्रात त्या नर्स होत्या. मी औरंगाबादेत शिकून आलेला नवा डॉक्टर. नियम मला तोंडपाठ होते.

एका हिवाळ्यात जवळच्या उसात बीडकडच्या तोडणी कामगारांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. तिथल्या दोन पोरांना डांग्या खोकला झाल्याचं जैबूनबींना कळलं. मी म्हणालो, "ती माणसं आपल्या यादीत नाहीत. वर पत्र लिहितो."

त्यांनी लसीची पेटी खांद्याला अडकवली. "खोकल्याला हद्द कळती व्हय? चला."

मी गेलो, थोडा चिडूनच. पण तिथं खोकून निळं पडलेलं पोर पाहिलं आणि माझी मान खाली गेली. दोन्ही पोरांना जीपनं शहरातल्या दवाखान्यात पाठवलं. बाकीच्यांना लस टोचायची होती. पण शांता नावाची बाई तान्ह्या लेकीला पदराआड घेऊन अडून बसली, आणि तिचं पाहून बाकीच्या बायाही मागं सरल्या.

"सुईनं ताप येतो. पोरगी तापली तर मी उसात कशी जाऊ? मुकादम घरी बसू देत नाय."

मी लसीचे फायदे सांगू लागलो. जैबूनबींनी मला हातानं थांबवलं.

"तू जा उसात. उद्या मी बसते तिच्यापाशी." शांतानं पदर सारला आणि लेकीला सुई टोचू दिली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी दुपारी सहज डोकावलो, तर जैबूनबी कोपीत मांडी घालून बसलेल्या. मांडीवर ती लेक, कपाळावर ओली पट्टी. संध्याकाळी शांता परतली तेव्हा ताप उतरला होता. पोरगी जैबूनबींची बांगडी ओढत हसत होती. शांतानं लेकीला छातीशी धरलं आणि ती तशीच बाहेर जाऊन हाका मारू लागली, "अगं, आणा गं आपापली लेकरं! बाई लई मायेची हाय."

आलेला खोकला त्या दोन पोरांवरच थांबला, आणि तीही बरी होऊन परतली.

पुढं जैबूनबी निवृत्त झाल्या. शाल-नारळ दिला, भाषणं झाली. सोमवारी सकाळी पाहतो तर केंद्राबाहेरच्या लिंबाखाली त्या एका गरोदर बाईशी बोलत बसलेल्या.

"अहो, तुम्ही रिटायर झालात ना?"

"सरकारनं केलं," त्या हसल्या, "बायांनी नाय."