पंचांगातला सूर्योदय

नव्वदच्या दशकात बनारसच्या एका छापखान्यासाठी आम्ही तिघे संगणकावर पंचांग तयार करत होतो. गणिताचे नियम गुरुजींचे. ते भोसले घाटाजवळचे शास्त्री, मुखपृष्ठावर त्यांचंच नाव येणार होतं. प्रोग्राम लिहिणारा मुलगा तिथलाच, हिंदी बोलणारा. कामं वाटणं आणि वेळेत उरकून घेणं माझ्याकडे. एक एकादशी चुकली असती, तर गुरुजींचा शब्द घाटावर कुणी मानला नसता.

आमच्यात भांडण म्हणून नव्हतं. मुलगा रोज गुरुजींच्या पाया पडे, ते आशीर्वाद देत, आणि मग दिवसभर दोघे एकमेकांना काही विचारत नसत. याला मी एकोपा समजत होते. नवऱ्याच्या रेल्वे ऑफिसातल्या कटकटी ऐकून तर मला आमचं कौतुकच वाटे.

चालू वर्षाचं पंचांग तंतोतंत आलं. छापखान्याचे मालक म्हणाले, "बहनजी, लगे हाथ अगले साल का भी निकालिए." तिथल्या तिथे काढलं. दोन एकादश्या भलत्याच दिवशी. गुरुजींचा चेहरा पडला.

मालक गेल्यावर मी दोघांना समोरासमोर बसवलं. तेव्हा कळलं, चालू वर्षाच्या पंचांगातही आधी चुका होत्याच. गुरुजी कागद घरी नेऊन त्या गुपचूप दुरुस्त करत. "लडका मेहनती आहे, कशाला मन मोडायचं?" मुलगा त्या तारखा कारण न विचारता प्रोग्राममध्ये कोंबत होता. "गुरुजी ने लिखा है, तो सही ही होगा." म्हणजे यंत्र गणित करतच नव्हतं, गुरुजींचं उत्तर पाठ करत होतं.

"सूर्योदय कधीचा धरलास?" गुरुजींनी विचारलं.

"छह बजे."

"रोज?"

"जी, रोज."

"बनारसमध्ये जन्मलास ना? कधी सकाळी उठलास की नाही? तिथीचा दिवस सूर्योदयावरून ठरतो, रे."

"आपने कभी बताया नहीं."

"तू कभी पूछा?"

"कैसे पूछता? आप नाराज़ हो जाते."

"आता झालोय. विचार."

तो विचारत सुटला. एकेका नियमावरून दोघांचे आवाज रस्त्यापर्यंत जाऊ लागले. तेवढ्यात मालक मुखपृष्ठाचा नमुना घेऊन परत आले आणि दारातच थबकले.

"बहनजी, यहाँ तो लाठी चलने वाली है. काम किसी और को दे दें?"

"नहीं भाईसाहब, काम तो आज शुरू हुआ है."

गुरुजींनी नमुना हातात घेतला. "माझ्या नावाखाली याचंही घाला. घाटावर शिव्या मी एकट्यानेच का खायच्या?"

मुलाचा चेहरा उतरला. "तो गुरुजी, उसके अगले साल का भी जाँच लें?"