चहाच्या आधीचा मंगळवार

ते प्रकरण मला विसरता आलं असतं, तर मी अजून खाकीतच असतो. पस्तिशीच्या आत मी स्वतःला निवृत्त अधिकारी म्हणवतो, म्हणून लोक हसतात. हसू द्या. राजीनामा का दिला ते सांगतो. नावं घेणार नाही, कारण ज्यांची घ्यावीशी वाटतात त्यांच्याकडे वकील आहेत.

नागपुरात फौजदार होतो. काटोलकडच्या एका कारखान्याचं मुख्य कार्यालय आमच्या हद्दीत. एका शुक्रवारी त्यावर गावातल्या बायकांचा मोर्चा आला. कारखान्यामुळे विहिरी लाल झाल्या होत्या. तेच पाणी बाटल्यांत भरून त्या दारात बसल्या, टीव्हीवर दिसल्या आणि दुपारपर्यंत कंपनीचा शेअर कोसळला. लगेच कंपनीची तक्रार आली: कट करून, अफवा पसरवून भाव पाडला. आरोपी एकच, मोर्चाच्या पुढे चालणारी अंगणवाडी सेविका. गुन्हा अंगावर राहिला तर तिचं काम जाणार होतं. विहीर लाल का झाली, याबद्दल तक्रारीत अवाक्षर नव्हतं.

तिला जबाबाला बोलावलं. शेजारी महिला शिपाई, समोर जबाब लिहून घेणारा रायटर.

"ताई, भाव पाडायला कोणी सांगितलं?"

"मले काय माहीत थो भाव? आमचं पाणी काहून लाल झालं, थे पहिले सांगा. मंग माहं नाव लिवा."

नोकरीत एक शिकलो होतो. खोटा माणूस तुमच्या प्रश्नाला उत्तर शोधतो. खरा माणूस स्वतःचाच प्रश्न विचारत राहतो. पण हे न्यायालयात चालत नाही.

दोन दिवसांनी गांधीबागेतल्या माझ्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, बाईले काय धरून बसले? इथं एक कापडवाला शेठ मोर्चाच्या आधीच हाती नसलेले शेअर वायद्यात विकून बसला होता, भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन फेडले. आता पेढे वाटून राहिला."

शेठला ठाण्यात आणलं. आरडाओरडा नाही, हात नाही. बाकावर नुसतं बसवून ठेवलं. अशा माणसाला मारापेक्षा बाक जास्त लागतो. ओळखीचं कोणी बघेल याची भीती असते. शेवटी तोच बोलला.

"साहेब, अपना तो धंदा आहे. सोमवारी विकले. मंगळवारी मोर्चा निघणार होता ना!"

"मंगळवारी?"

"हो. निघालाच नाही, टेन्शन आलं होतं. पण शुक्रवारी निघाला एकदाचा."

मी रायटरकडे पाहिलं. मोर्चाच्या पत्रकांवर शुक्रवार होता. परवानगीसाठी आमच्याच ठाण्यात आलेल्या अर्जात शुक्रवार होता. मग हा मंगळवार कुठून आला? शेठ म्हणाला, बाजारात ऐकलं. सेविकेला पुन्हा बोलावलं. मंगळवार म्हणताच ती हसली.

"थो तर सभेतला मंगळवार!"

"म्हणजे?"

"सभेत माणसं बोलतात, आम्ही मागं बसतो. मंग चहा होते. कपबशा धुताना बाया सांगतात, मंगळवारी आपला आठवडी बाजार, कोण येईन वं? मंग माणसं तारीख बदलवतात. दरवेळी असंच होते."

"चहाला कोण थांबलं नव्हतं?"

तिचं हसू गेलं. "नागपूरचे भाऊ. भाषण झालं का गाडीत बसतात. त्यायले आमच्या पाण्याचा चहा चालत नाही."

हे भाऊ म्हणजे मोर्चाचे निमंत्रक. सक्करदऱ्यात घर, गळ्यात शबनम पिशवी, तोंडी जनता. ज्या पाण्यासाठी माईकवर ओरडायचे, ते पाणी त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं. गाडीत बसल्याबसल्या त्यांनी शेठला मंगळवार विकला होता. समोर शेठला बसवल्यावर कबूल झाले, तेही छाती काढून. "साहेब, चळवळ हवेवर चालत नसते!"

मोठ्या साहेबांसमोर सगळं मांडलं.

"मोर्चाच्या पुढे कोण होतं?"

"बाई, सर."

"भाव कशाने पडला?"

"मोर्चाने."

"मग आरोपी कोण? बाकी शेअर आधी कोणी विकले, ते बाजारवाल्यांचं खातं, आपलं नाही."

तपास माझ्याकडून काढून घेतला. दोषारोपपत्रात सेविका आरोपी, निमंत्रक आणि शेठ साक्षीदार! तिचं काम गेलं. तारखा अजून चालू आहेत. शेअर महिन्याभरात सावरला. विहिरी नाही सावरल्या. निमंत्रक आता त्याच कंपनीच्या ग्रामविकास समितीवर आहेत.

या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच. बाजाराला लोकांच्या रागाची भीती वाटत नाही. राग कोणत्या वारी निघणार, एवढं आधी कळलं की तो रागावरही कमावतो. आणि तो वार सांगणारा माणूस बाहेरून येत नाही. तो आपल्याच मंचावर, आपल्याच माईकवर असतो. कायदा मात्र उन्हात चालणाऱ्या बाईला धरतो, कारण ती दिसते.

आता मी पत्रकं लिहितो, त्याच गावात सभा घेतो. चहा आला की सगळ्यांच्या आधी पितो, त्याच पाण्याचा. कप रिकामा झाला की ती सेविका तो माझ्या हातातून घेते.

"निघा आता भाऊ. गाडी जाईन तुमची."

एसटीला अजून वेळ असतो. तरी मी उठतो. फाट्याकडे चालताना मागे कपबशांचा आणि बायांच्या बोलण्याचा आवाज सुरू होतो.