गिअरबॉक्सखालच्या लोखंडी पट्ट्या

नोकरीतली बरीचशी प्रकरणं मी कागदांबरोबरच ठाण्यात सोडून आलो. हे एक मात्र दर आखाजीला परत येतं. खानदेशात राहिलेल्या माणसाला आखाजी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो: अक्षय्य तृतीयेचा सण. सासरी गेलेल्या मुली या सणाला माहेरी येतात आणि त्यांना आणायला भाऊ स्वतः जातो. पोलिसांसाठी आखाजी म्हणजे झाडाखालचे जुगार आणि बंदोबस्त. ऐंशीच्या दशकात मी धुळे जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका ठाण्याचा फौजदार होतो. त्या वर्षीही मी जुगाराच्या छाप्यांचीच आखणी करत बसलो होतो, तेव्हा अपघाताची वर्दी आली.

डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चढण लागण्याच्या जरा आधी, एक जीप उलटली होती. रस्ता तिथे अगदी सरळ, समोरून वाहन नाही, आडवं जनावर नाही. चालवणारा एकटाच होता आणि जागीच मरण पावला होता. तो बहिणीला आणायला निघाला होता. तिचं सासर त्याच चढणीवरच्या गावात. आम्ही पंचनामा केला, अकस्मात मृत्यूची नोंद घेतली, जीप ठाण्याच्या आवारात ओढून आणली. मयताचा धाकटा भाऊ प्रेत ताब्यात घ्यायला आला. रडला नाही, सही करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या गावातला एक शेजारी ठाण्यात आला. अशा माणसांची एक जात असते. आधी आपण त्यातले नाही म्हणून सांगतात आणि मग सगळं सांगतात.

"साहेब, दुसरास्ना घरनं मी बोलू नही," तो म्हणाला, "पन आदला दिवस धाकला जीपना खाले पडेल व्हता. हातमा पाना व्हता. आनि सकायले दोन्ही भाऊस्नं मोठं भांडन व्हयनं."

गाडी नेहमी धाकटाच चालवायचा. त्या दिवशी मात्र थोरला गेला आणि धाकटा घरी राहिला. शेताच्या वाटणीवरून दोघांत कुरबुर असल्याचंही गावात चारजणांनी सांगितलं. मला तेवढं पुरेसं होतं. मी धुळ्याहून मोटार वाहन निरीक्षकांना बोलावून घेतलं. ब्रेक तोडलेला सापडेल, अशी माझी खात्री होती.

ब्रेक शाबूत निघाला. निरीक्षक बराच वेळ जीपखाली होते. बाहेर आले ते हात पुसत.

"प्रोपेलर शाफ्ट तुटलाय," ते म्हणाले. मला मोटारीतलं ओ की ठो कळत नाही हे त्यांनी ओळखलं असावं, कारण त्यांनी मला वाकवून दाखवलं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांपर्यंत जो लांब दांडा फिरतो, त्याच्या पुढच्या टोकाचा सांधा, ज्याला गॅरेजवाले क्रॉस म्हणतात, तो फुटला होता. दांडा सुटून खाली आला, त्याचं टोक डांबरात रुतलं आणि धावती जीप त्यावर उचलली जाऊन उलटली.

"आणि हे बघा." गिअरबॉक्सच्या बैठकीखाली लोखंडी पट्ट्या सारलेल्या होत्या. वरच्या दोन धूळ-तेलाने माखलेल्या, खालच्या कोऱ्या, पान्याचे ओरखडे ताजे. "गिअरबॉक्स मागून उचललाय. त्यामुळे दांड्याची रेघ मोडली. असा वाकडा फिरला की क्रॉस टिकत नाही."

मी त्याच दिवशी धाकट्याला ताब्यात घेतलं.

माझ्या अनुभवात खोटं बोलणारा माणूस भरपूर बोलतो. हा पोरगा दोनच वाक्यं बोलला. "पट्ट्या मीच लायात," हे पहिलं. कशाला, असं विचारल्यावर भिंतीकडे बघत बसला. हवालदाराने दमात घेतलं, मी समजुतीने घेतलं, चहा पाजला, कलम तीनशे दोन म्हणजे काय ते समजावलं. अखेरीस त्याने दुसरं वाक्य उच्चारलं: "मी मारं, असं लिखी ल्या."

कबुली मिळाली की ठाण्यात एक सैलपणा येतो. हवालदाराने तंबाखू काढली. मला मात्र ती कबुली रुचली नाही. दांडा कधी तुटेल ते याला तरी कुठे ठाऊक होतं? गाडी रोज हाच चालवत होता. सापळा लावणारा माणूस आधी आपला जीव वाचवतो.

जीपकडे पुन्हा गेलो तेव्हा जे आधीच दिसायला हवं होतं ते दिसलं. सगळी गाडी गंजलेली आणि इंजिनाच्या कुशीला चार नळ्यांचा नवा कोरा जुडगा. निरीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, हा हेडर. धूर मोकळा जातो, इंजिनाला जरा जोर येतो आणि आवाज लांबवर घुमतो. शर्यतीवाले बसवतात. या जीपला हे थेर कशासाठी, ते त्यांनाही कळेना.

असलं काम करणारी गॅरेजं तेव्हा आमच्याकडे बोटावर मोजण्याइतकी. जळगावात मेहरूणच्या बाजूला एका मिस्त्रीने नळ्या पाहताच काम आपलं असल्याचं मान्य केलं. नळ्या गिअरबॉक्सखालच्या आडव्या पट्टीला अडत होत्या, म्हणून त्याने मागचा भाग जरा उचलून पट्ट्या घातल्या होत्या.

"गाडी आणणाऱ्या पोराला मी बजावलं होतं, साहेब. फरशीला थरथर जाणवली तर गाडी घेऊन परत ये, दांड्याचा कोन जुळवावा लागेल. तो म्हणे, आखाजी तोंडावर आलीय, नंतर बघू. नळी आपटत असेल म्हणून घरीच आणखी पट्ट्या घातल्या असतील त्यानं."

"पण हेडर कशाला हवा होता त्याला?"

"एवढंच म्हणाला, चढणीवर दम पाहिजे आणि आवाज वरच्या गावात ऐकू गेला पाहिजे."

वरच्या गावात बहीण होती. तिचा जबाब राहिलाच होता. सासूच्या देखत ती ओट्यावर बसली, पदर नीट केला आणि एकदाही न अडखळता बोलली. गेल्या आखाजीला धाकटा तिला न्यायला आला, तेव्हा जीप त्या चढणीवर दम तोडून उभी राहिली होती. वाट बघत उभ्या असलेल्या हिलाच वरून खाली येऊन गाडी ढकलावी लागली. वरून बाया हसत होत्या. माहेरची गाडी सुनेनं ढकलली, हे वर्षभर पाणवठ्यावर चाललं. दिवाळीला तिने पाणवठ्यावरचं हे बोलणं धाकट्या भावाला गंमत म्हणून सांगितलं. तो हसला नव्हता.

"आनि औंदा?" मी तिच्या बोलीत विचारलं.

"मी चढनवर उभी व्हतू. आवाज दूरथीन उना. मी सासूले सांगं, मना भाऊ उना. मंग आवाज बंद पडना."

सासू तोंडाला पदर लावून आत गेली. मी लिहीत राहिलो, कारण वर बघायची हिंमत नव्हती. जोर लागावा म्हणून थोरल्याने सपाटीवरच गाडी पळवली असणार.

परत येऊन मी धाकट्याला सगळं माहीत झाल्याचं सांगितलं. मग त्याने सांगितलं, भांडण वाटणीचं नव्हतंच. आणायला जाण्याचा मान थोरल्याने मागितला होता आणि याने रागारागात किल्ली फेकली होती. तेव्हा कुठे तो रडला, पाय धरून रडला.

"तिले सांगू नका, साहेब. तिनाकरता करं हाई तिले समजनं, तर ती जगाव नही. फाशी द्या, पन तिले सांगू नका."

खून नव्हता. निष्काळजीपणाने मृत्यू, एवढाच गुन्हा होता आणि तो होताच. मिस्त्रीचा जबाब, निरीक्षकांचा अहवाल आणि पट्ट्या पुरेशा होत्या. नळ्या कशासाठी बसवल्या, हे कलमाला लागत नव्हतं. ते मी दोषारोपपत्रात घातलं नाही. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि थोडक्यात सुटला.

पुढच्या आखाजीला मी त्याच रस्त्यावर बंदोबस्ताला होतो. एसटी चढणीखाली थांबली. धाकटा उतरला आणि चालत वर गेला. काही वेळाने बहिणीची पिशवी खांद्यावर टाकून खाली आला. फाट्यावर तो बसची चौकशी करायला पुढे गेला, तशी ती माझ्यापाशी आली.

"साहेब, तो आवाज नवा व्हता, हाई मी तवयच वयखं व्हतं. आमनी गाडी आशी कधी वाजे नही. मनाकरता करं त्यानी, मले समजनं. पन मले समजनं, हाई त्याले सांगू नका."

बस आली. त्याने तिच्यासाठी खिडकीची जागा धरली.

तपास म्हणजे खरं काय ते बाहेर काढणं, असं मी नोकरीभर नव्या पोरांना शिकवत आलो. या एका प्रकरणात खरं काय ते दोघांनाही माहीत होतं आणि ते एकमेकांपासून झाकून ठेवण्याचं काम माझ्याकडे आलं. इथे कुणाचंही नाव मी दिलेलं नाही, ते त्यासाठीच. दोघेही हयात आहेत आणि आखाजीला तो अजून तिला आणायला जातो.