टाचांचा आवाज

त्या म्हाताऱ्या परदेशी डिझायनरची मुलाखत मी मेथी निवडता निवडता, कानात इअरफोन घालून पाहिली. जगातल्या श्रीमंत बायका त्याचे सँडल घालतात आणि तो मात्र खुर्चीच्या कडेवर बसला होता, परक्या घरी बसावं तसा. त्याचं म्हणणं असं, की फॅशन दुसऱ्यांकडे बघून येते, स्टाईल माणसाच्या चालण्यात असते. नवा जोड तयार झाला की तो एखाद्या मुलीला तो घालून चालायला लावतो आणि स्वतः डोळे मिटून ऐकतो. आवाज आवडला नाही तर टाच बदलतो. उंच टाचेचं कौतुक उंचीसाठी नाही, म्हणाला. तिच्यामुळे बाई सावकाश चालते, आणि ती येतेय हे लोकांना आधीच कळतं.

मुलाखत घेणारी हसली. मला हसू आलं नाही.

पुण्यात नोकरी लागली तेव्हा पहिले काही महिने ऑफिसात माझा आवाज कुणी ऐकला असेल असं वाटत नाही. इंग्रजी शाळेत शिकलेली, इंग्रजी येत होतं, पण तोंड उघडत नव्हतं. कुणाच्या टेबलापाशी जायचं तर मी आधी पाणी पिऊन यायची. मग एका सेलमध्ये जांभळट रंगाचे, बारीक पट्ट्यांचे हिल्स घेतले. फरशीवर ते टक टक वाजायचे. मी पोचेपर्यंत समोरच्यानं मान वर केलेली असायची. "हं, बोल," तोच म्हणायचा. पहिला शब्द मला बोलावाच लागत नव्हता.

कंपनीनं माणसं कमी केली आणि मी मानवतला घरी परत आले. हिल्स पिशवीत गेले, पिशवी कपाटावर. घरात चपला दाराबाहेर राहतात. बाहेर रस्ता थोडा खडीचा, थोडा काळ्या मातीचा. टाच रुतली नाही तरी समोरच्या काकू आहेतच, "कुणाचं लगीन हाय गं आज?" इथं मी पुन्हा पहिल्यासारखी झाले. दुकानात माझ्या मागून आलेली माणसं सामान घेऊन निघून जातात, मी उभीच असते.

मुलाखत पाहिली त्या दुपारी मी पिशवी काढून गच्चीवर गेले. वाळत घातलेल्या कपड्यांमधून टाकीपर्यंत चालत गेले, परत आले. डोळे मिटून.

"काय कुटायलीस गं वर?" खालून आई.

"काही नाही."

"मग नको कुटूस. बाबा झोपलेत."

मी थांबले, तर चादरीपलीकडे वहिनी उभी. माझ्याच वयाची, गंगाखेडची. लग्न होऊन ती घरात आली तेव्हापासून आम्ही एकमेकींना 'तुम्ही' म्हणायचो, त्यापुढे फारसं बोलणं नव्हतं.

"बंद का केलं, ताई? चांगले वाजायले होते की."

"आई ओरडतेय."

"मी घालून बघू का?"

माप एकच निघालं. माझा खांदा धरून ती उभी राहिली. "अगं बाई! लय उंच झाले ओ. तुमच्या दादाला आता वर बघून बोलावं लागंल."

"मग रोजच घाला," मी म्हणाले.

ती तोंडाला पदर लावून हसत सुटली. या घरात माझ्या बोलण्यावर कुणी हसल्याचं मला आठवत नव्हतं. मग ती चालली. सँडल तेच, पण आवाज माझा नव्हता. माझा घाईचा होता. तिची पावलं निवांत पडत होती, प्रत्येक टाच नीट टेकवून. मुलाखतीतला म्हातारा खरं बोलत होता.

पुढच्या आठवड्यात ती माहेरी निघाली. बॅग भरताना हळूच म्हणाली, "ताई, नेऊ का ते? तिकडं कोण काय म्हणत न्हाई."

"न्या की," मी लगेच म्हणाले. दादा तिला एसटीत बसवून आला, आणि मी उगाच कपाटावर बघत राहिले.

काही दिवसांनी तिचा फोन आला. "आई म्हणायलीय, अजून थोडं राहा. तुमचे सँडल लागत न्हाईत ना तुमाला?"

लागत होते. कशाला, ते सांगता आलं नसतं. तिच्यावाचूनही करमत नव्हतं, तेही सांगता आलं नाही.

"राहा तुम्ही," म्हणाले. मग न राहवून विचारलं, "तिथं वाजतात का?"

"आमच्या गल्लीत सिमेंट झालंय. लय वाजतेत. ऐकता का?"

तिनं मोबाईल पायरीवर ठेवला असावा. आधी कोंबड्या ऐकू आल्या, कुणाची तरी सायकल, आणि मग ती पावलं. मी ओट्याला टेकून फोन कानाशी घट्ट धरला. आवाज लांब जात गेला, घरं ओलांडत, कुठल्याशा वळणापर्यंत, आणि पुसट झाला. कोंबड्या तेवढ्या राहिल्या. आई म्हणाली, कुणाचा फोन आहे, बोलत का नाहीस. मी हातानंच तिला थांब म्हटलं. वहिनी अजून माघारी वळली नव्हती.