दगडाची धूळ घेऊन कडावला

"हा टीबी नाही," डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरली. "सिलिकोसिस आहे. दगडाची बारीक धूळ फुप्फुसांत बसते आणि ती कडक होत जातात. आत गेलेली धूळ काढता येत नाही."

अकरा वर्षं मी पुण्यात ग्रॅनाइट कापत होतो. आधीच्या दवाखान्यानं खोकला टीबीचा समजून सहा महिने गोळ्या दिल्या. काम काय करतोस, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. तुम्ही असं करू नका. धुळीचं काम असेल तर पहिल्याच दिवशी सांगा.

मग स्पायरोमेट्री झाली, म्हणजे यंत्रात जोरात फुंकून फुप्फुसांची ताकद मोजतात. तिसऱ्यांदा फुंकताना डोळ्यांपुढे अंधारी आली.

ठेकेदार म्हणाला, "गेटवर वॉचमन म्हणून बस. गावाकडं काय ठेवलंय?" गेटही त्याच धुळीत होतं. दुसऱ्या दिवशी मी सामान बांधलं.

कडावजवळ आमचं गाव. लोक भेटायला आले. शेजारचे काका हळूच म्हणाले, "शेवटचे दिस काढायला आला बिचारा."

माझी बायको सुजाता भडकली. "मरायला नाय आलेत ते, काका. जगायला आलेत. च्या घ्या नि निघा."

मला हसू आलं, हसताना खोकला आला, तरी हसू थांबेना.

आता महिन्यातून एकदा कर्जतला तपासणी. इनहेलर, म्हणजे तोंडानं ओढायचं औषध, रोज दोनदा. आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, मी बांधावर बसून रोपांच्या मुठी सोडवून देतो. दम लागला की थांबतो. पुण्यात मी थांबलो की माझं मशीन दुसऱ्याच्या हातात जायचं.

दिवाळीनंतर एक मुकादम फरशीच्या कामाला माणसं न्यायला आला. समाजमंदिरात सगळ्यांसमोर मी विचारलं, "कटरवर पाणी सोडता का? पाण्यानं धूळ उडत नाय."

"पाण्यानं काम हळू होतं रं."

"मग आमची माणसं नाय मिळणार."

"तुझं ऐकणार कोण?"

मला धाप लागली होती. तेवढ्यात कामाला निघालेल्या पोरांतला बाळू उठला. "मी ऐकतोय. मी नाय येत." त्याच्यामागे आणखी तिघं उठले.

एक जण तरीही गेला. त्याला दोष देत नाही, घर चालवायचंय.

फुप्फुसं बरी होणार नाहीत, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. पण जेवढा श्वास उरलाय, तो माझ्या माणसांत घेणार. आणि गावात जो मुकादम येईल, त्याला आधी मला उत्तर द्यावं लागेल.